संध्याकाळचं पाणी

९ नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या ताईचा पत्ता तू कामाला जातेस त्या चष्म्याच्या दुकानातून मिळवला. मालक म्हणाले, सूनबाईंसारखं बारीक स्क्रू बसवणारं दुसरं कुणी मिळत नाही, मनगट बरं झालं की पाठवा. मी हो म्हटलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं आहे, म्हणजे या महिन्याअखेर निघेल.

तुझ्या अकराही कुंड्या मी बघते आहे. त्यांची काळजी करू नकोस. जायच्या आदल्या दिवशी गच्चीच्या दाराला आतून कागद चिकटवून गेलीस, तो मला दोन दिवसांनी दिसला. डाव्या हाताचं अक्षर, त्यात पेन्सिल. लावता लावता चष्मा दोनदा पुसावा लागला, पण लागलं. आता पाठच झालं आहे. बोट पेरभर मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. पाणी सकाळी, ऊन आल्यावर, बुंध्याशी. पानांवर नाही. कुंड्या विटांवर ठेवायच्या, फरशीचा गारठा मुळांना लागतो. थंडी सुरू झाली की फुलं तोडायची नाहीत, झाडाला कळू द्यायचं की आता निजायचं आहे. हे शेवटचं मला जड गेलं. देवाला रोज एक फूल लागतं. पण तू लिहिलं आहेस म्हणून देवाची समजूत घातली आणि जप एक माळ वाढवला.

एक ओळ मात्र समजली नाही. तिच्याखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. 'कलमाच्या गाठीखालून फुटेल ते लगेच मोडून टाकायचं.' गाठ म्हणजे कुठली? आणि फुटलेलं कोण मोडतं? एवढं खतपाणी घालायचं ते फुटावं म्हणूनच ना? शाई नीट उमटेना म्हणून दोनदा रेघ मारली म्हणावं, तर पेन्सिल आहे. असो.

पाण्याची नोंद मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर ठेवते. चहाचा चोथा धुऊन वाळवून घालत होते, पण थंडीत खत नाही असं तू म्हणतेस, तर तो डब्यात साठवला आहे.

बाळ नीट जेवत नाही. वजनकाट्यावरच्या नोकरीवरून येतो तो बूट काढायच्या आधी आडवा होतो. तुझं नाव घेत नाही, म्हणजे मनात असणारच. अगं, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं. तो तापट आहे, पण मनाने वाईट नाही, मी नऊ महिने पोटात वागवलेला आहे. तू नवीन असताना मला विचारलं होतंस, आई, तुमचा समोरचा दात कशाने गेला? मी म्हटलं होतं, मोरीत नळावर पडले. त्यावर मी काय माहेरी जाऊन बसले? बाईच्या जन्माला पडझड चालायचीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

प्लास्टर निघालं की ये.

तुझ्या सासूबाई


४ डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. दोन पानं पाठपोट लिहिलीस, पण गुलाबांविषयी एक ओळ नाही. नवल वाटलं. तर मीच सांगते.

माझ्या धाकट्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यासाठी पाच दिवस जावं लागलं. बाळाला कुंड्यांचं सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून तू मागे ताईच्या बाळंतपणाला गेली होतीस तेव्हा केलं होतंस तसं केलं. मधोमध पाण्याची बादली, तिच्यातून प्रत्येक कुंडीत सुती चिंधीची जाड वात. वाती वळण्यात मला कुणी हरवू शकत नाही, चाळीस वर्षं वळते आहे. दहा नीट बसल्या. अकरावी कुंडी कोपऱ्यातली, ती फुटकी, तिच्यापर्यंत वात पोचेना. तिच्यात नुसत्या तीन काटक्या उरल्या आहेत, म्हटलं हिचं काय जातंय, राहू दे.

परत आले तर माती लोण्यासारखी ओली. थेंबभर पाणी सांडलेलं नाही. ही युक्ती मला फार आवडली. वाती मी तशाच ठेवल्या आहेत. रोज जिना चढायचा त्रास नाही आणि पाणी वाया जात नाही.

आता तू विचारलंस त्याविषयी.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? तू खाली बघत होतीस. बाळ खिडकीबाहेर बघत होता. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले. 'संध्याकाळी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेली, जिन्यावर पाय घसरला.' त्यांनी ते लिहून घेतलं. तुझ्या वकीलबाईंचंही पत्र आलं आहे. त्या म्हणतात, दवाखान्याच्या कागदावर पडल्याचं लिहिलेलं आहे तोवर सूनबाईंची तक्रार टिकणार नाही. घरात तिसरं माणूस तुम्हीच होता. वीस फेब्रुवारीच्या तारखेआधी खरं काय ते लिहून द्या.

मला सदुसष्टावं लागलं. घर बाळाच्या नावावर आहे. रक्तदाबाच्या गोळ्या तो न सांगता आणतो. मी काय लिहून देऊ? त्या वेळी मी देवापुढे पोथी वाचत होते, माझी पाठ होती. पाठीला डोळे नसतात.

झाकली मूठ ठेवावी, असं मला वाटतं. बाई, तू शहाणी आहेस.

तुझ्या सासूबाई


३० डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. वकीलबाईंचं मात्र दुसरं पत्र आलं. ते पोथीत ठेवलं आहे.

थंडी या वर्षी जीवघेणी आहे. सकाळी गच्चीवर गेलं की बादलीवर काचेसारखा पापुद्रा असतो. रोज संध्याकाळी कुंड्यांवर पोती टाकते, सकाळी काढते. तुझ्या कागदावर आहे, 'झाकलेलं सकाळी उघडायचं, नाहीतर आत घुसमटून सडतं.' विसरत नाही.

पण मी सांगते तुला, थक्क होशील! जुन्या फांद्या वरून काळ्या पडत चालल्या होत्या. तर आठ दिवसांत खालून, अगदी मातीलगत, असे कोंब आले की काय सांगू. हिरवेगार, बोटाएवढे जाड, सरळ वर. पूर्वी एका देठाला पाच पानं असायची, आता सात सात आहेत. दहाही कुंड्यांत! मी कुणाला सांगत नाही, दृष्ट लागते. कोपऱ्यातली अकरावी मात्र होती तशीच आहे, तीन काटक्या. तिला आठवड्याला वाटीभर पाणी घालते, उगीच पाप नको म्हणून.

बाळाला वर नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "बघ, तिच्यावाचून कुठे काय अडलं?" मला ते बरं वाटलं नाही, पण कोंब बघून मीही हसले.

खालच्या मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी तपासणी सुटलेली नाही. म्हणाल्या, "हल्ली तुमची पोथी ऐकू येत नाही हो. पूर्वी संध्याकाळी केवढ्याने चालायची."

मी म्हटलं, "घसा बसलाय."

"सूनबाई गेल्या तेव्हापासूनच बसलाय वाटतं," असं म्हणून दळणाचा डबा घेऊन गेल्या खाली. कुजकट बाई आहे. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही हा भाग वेगळा.

घरातला निळा कप फुटला. फुटला म्हणजे भिंतीवर फुटला. चहा गार होता, चूक माझीच. काचा वेचताना थोडं कापलं, विशेष नाही. बाळ दमलेला असतो. पूर्वी हे सगळं तुझ्या वाट्याला यायचं

हे वाक्य पुरं करत नाही. पान फाडलं असतं, पण अर्धा कागद कोरा आहे.

तुझ्या सासूबाई


२२ जानेवारी

सूनबाईस,

काल मी बसने रोपवाटिकेत गेले होते. महिनाअखेरीनंतर छाटणी करायची असं तू लिहिलं आहेस, 'बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर, तिरका काप.' म्हटलं एवढा सुंदर पाला, आपल्या हातून चुकायला नको. म्हणून एक कोंब फडक्यात गुंडाळून नेला, तिथल्या माळीकाकांना दाखवायला. ते तुला ओळखतात. "चष्मेवाल्या ताई? डोळा भरलेली रोपं न्यायच्या, एकेक पारखून."

त्यांनी फडकं उघडलं, पानं मोजली आणि माझ्याकडे बघितलं.

"आजी, हे किती दिवस जोपासलंत?"

"महिना झाला. छान आहे ना?"

"छानच आहे. पण हा गुलाब नाही."

मी म्हटलं, "अहो, गुलाबाच्या कुंडीतलाच आहे."

मग त्यांनी एक रोप आडवं धरून मला शिकवलं. बाजारातला गुलाब दोन जिवांचा असतो. खाली रानटी खुंट, चिवट, कशातही जगणारा. त्याच्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे अंकुर, बसवून बांधतात, तिथे गाठ येते. गाठीच्या वरचा तो गुलाब. गाठीच्या खालून येतो तो खुंट. त्याला सत्तर काटे आणि पाला उदंड, पण हवं ते फूल नाही. तो दिसला की मोडायचा, नाहीतर सगळं अन्न तोच ओढतो आणि वरचा उपाशी मरतो.

"तुमचा वरचा आधीच गेला होता," ते म्हणाले. "मुळं ओली राहिली असणार. थंडीत सारखं पाणी कशाला घातलंत?"

"आधी रोज सकाळी घालत होते, मग वाती लावल्या," मी म्हटलं.

"किती कुंड्या?"

"दहा. अकरावीत वात पोचली नाही."

"मग अकरावी वाचली असेल. बघा जाऊन, काटकी नखाने खरवडा. आत हिरवं असेल." मग मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "पण पाणी सकाळी घालत होता हे चांगलं केलंत. गुलाबाला संध्याकाळी पाणी नाही. बारा महिने नाही. पानं रात्रभर ओली राहिली की काळे डाग धरतात. ज्याला गुलाब कळतो तो संध्याकाळी झारी हातात घेणार नाही, आजी. तुमच्या सूनबाई तर कधीच नाही."

मी तिथेच कुंड्यांच्या ढिगावर बसले. त्यांनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं गुलाबांमुळे.

सूनबाई, चार वर्षं तू सकाळी सातला झारी घेऊन वर जायचीस. सात म्हणजे सात, दुकानाच्या आधी. मी खालून ओरडायची, देवाआधी झाडं का गं तुझी? माझ्या वहीच्या मागच्या पानावर अडीच महिन्यांच्या नोंदी आहेत, एकही संध्याकाळची नाही, कारण तुझा कागद तसं सांगतो. आणि डॉक्टरांना मी काय सांगितलं? संध्याकाळी. कुंड्यांना पाणी घालायला. मला खोटंसुद्धा धड सांगता आलं नाही, कारण तू काय करतेस हे मी चार वर्षांत कधी बघितलंच नव्हतं.

आता लिहिते. पाठीला डोळे नसतात असं मी म्हटलं होतं, पण कान असतात.

तू स्वयंपाकघरात होतीस. मी अकराव्या अध्यायावर होते. पहिला आवाज पातेल्याचा. दुसरा पातेल्याचा नव्हता. मी आवाज वाढवला. पोथीचा. मग तू हाक मारलीस, "आई!" मी आणखी वाढवला. तू पुन्हा हाक मारलीस. तुझी आई तू लहान असतानाच गेली, म्हणजे ती हाक मलाच होती. मी एकही ओवी चुकले नाही. अध्याय पुरा केला, पोथी कपड्यात बांधली, नमस्कार केला आणि मग उठून आत आले. तू ओट्याखाली बसली होतीस, हात दुसऱ्या हातात धरून. मी म्हटलं, काय गं, पडलीस का? तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी तीन महिने गच्चीवर पाणी घालून धुवायला बघते आहे.

आणि ती पहिली वेळ नव्हती. मास्तरीणबाई म्हणतात तसं, माझी पोथी पूर्वी केवढ्याने चालायची.

माझ्या दाताच्या वेळी घरात माझ्या सासूबाई होत्या. त्या जात्यावर होत्या. त्यांनी जातं थांबवलं नाही. मी त्यांना जन्मभर दोष दिला आणि त्यांच्याच जागी जाऊन बसले. खुंट मी पोसला, आणि पाला बघून हसले.

दहाही कुंड्यांतलं आज उपटलं. अकरावीची काटकी नखाने खरवडली. आत हिरवं आहे.

वकीलबाईंना हवं ते मी लिहून ठेवलं आहे. तारीख, वार, पातेलं, हाक, सगळं. पण चोरून पाठवणार नाही. बाळाला समोर बसवून वाचून दाखवीन आणि मग पोस्टाच्या पेटीत टाकीन. आईने मुलाच्या पाठीमागे काही करू नये. रविवारी सांगते, त्याला सुट्टी असते.

सासूबाई


११ फेब्रुवारी

सूनबाई,

अक्षर लागलं नाही तर ताईकडून लावून घे. डाव्या हाताने लिहिते आहे. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो ते आता कळलं. तू तर अख्खं पान लिहून गेलीस.

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. राहून गेला असं समजू नकोस.

दोन रविवार मला धीर झाला नाही. तिसऱ्या रविवारी जेवणं झाल्यावर कागद वाचला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, बघ, ऐकतोय. मग म्हणाला, "आई, तो कागद दे." मी म्हटलं, "नाही देणार." तो पुन्हा म्हणाला. मी कागद मुठीत धरला. उजव्या. त्याने मूठ उघडली. एवढंच.

खोटं वाटेल तुला, पण मी हाक मारली नाही. कुणाला मारणार होते?

दवाखान्यात तेच डॉक्टर. बाळाने मला रिक्षातून नेलं, पायरी उतरताना धरलं, पाणी आणून दिलं, डोळे पुसले. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कशा पडलात?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "संध्याकाळी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेली, जिन्यावर पाय घसरला."

माझंच वाक्य. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. लहानपणी मी त्याला स्तोत्रं शिकवायची, एकदा ऐकलं की पाठ.

डॉक्टर लिहायला लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, गुलाबाला संध्याकाळी कोणी पाणी घालत नाही."

त्यांचं पेन थांबलं. बाळ म्हणाला, "आई, काय बोलतेस, तुला बरं नाही."

मी म्हटलं, "याला बाहेर पाठवा, मग लिहा. आधीचा कागद काढा, ऑक्टोबरचा. तोही चुकलेला आहे."

त्यांनी त्याला बाहेर काढलं. परिचारिकेने दार लावलं. मी दातापासून सुरुवात केली.

डॉक्टरांनी नव्याने लिहिलेले कागद वकीलबाईंनी परवा येऊन नेले. तुझ्या तारखेला मला बोलावलं आहे, मी येणार आहे. त्यांच्या गाडीतून. बाळाला चौकीवर नेलं होतं, दुसऱ्या दिवशी सोडलं. तो वर आहे. मी खाली मास्तरीणबाईंकडे. त्यांच्या मधल्या खोलीत माझी खाट घातली आहे, देव एका टोपलीत आणले आहेत. या खोलीतून वरचं सगळं ऐकू येतं. खुर्ची सरकवली तरी. आता तो येरझाऱ्या घालतो आहे.

मी त्यांना विचारलं, "म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

त्यांनी हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या पोथीमुळे नीट ऐकू येत नाही, असं मी मला सांगायचे."

मी ती जुडी घेतली आणि डाव्या हाताने निवडायला बसले.

पहिल्या पत्रात मी तुला ये म्हटलं. ते मागे घेते. येऊ नकोस. वीस तारखेला तू असशील, मी असेन, तेवढं पुरे. माझ्याशी बोललं पाहिजे असं नाही.

फुटकी कुंडी मास्तरीणबाईंनी खाली आणली आहे, त्यांच्या पूर्वेच्या खिडकीत. तिसऱ्या काटकीवर, गाठीच्या वर, मी बोट लावून खात्री केली आहे, वरच, लाल टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी आलं आहे. छाटणीची वेळ झाली. पण मला एका हाताने कात्री धरता येत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या हाती देववत नाही. माझं प्लास्टर मार्चअखेर निघेल. तोवर थांबलं तर चालतं का?

एवढं कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.